रोमी अंकलची तिपेडी वेणी

माझ्या डोक्यावर आता जे काही उरलं आहे, त्याला केस म्हणायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. अल सद्दच्या पार्लरमधली मुलगी दर वेळी मोठ्या अदबीनं विचारते, "मॅम, थोडा व्हॉल्यूम देऊ का?" मीही तितक्याच अदबीनं हो म्हणते, आणि मग आम्ही दोघी आरशात बघून काहीतरी झालं असं एकमेकींना भासवतो. पण एके काळी, इथे कतारमध्येच आम्ही बिन महमूदला राहत होतो तेव्हा, माझे केस कमरेच्या खाली यायचे. जाड, काळेभोर आणि गुंता करण्यात पटाईत. त्या केसांवर एका फिलिपिनो न्हाव्यानं बाप होण्याचा अभ्यास केला. हे वाक्य मी नातवंडांना सांगते तेव्हा ती फोनमधून मान वर काढतात. माझ्या दुसऱ्या कुठल्याच वाक्याला हा मान मिळत नाही.

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे तेलाचा दिवस. बाबांना सुट्टी, मला सुट्टी, आणि आईला सुट्टी नसल्यामुळे ती दोघांवरही डाफरायला मोकळी. बाबा खाली जाऊन अफगाणी भट्टीवरून गरम खुबूस, म्हणजे तंदुरी रोटीसारखे अरबी पाव, आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, आणि त्या खुबसाबरोबर आम्ही पिठलं खायचो. सिन्नरला कुणाला सांगितलं असतं तर आईचं माहेरी येणं बंद झालं असतं, पण खरं सांगते, गरम खुबूस आणि लसणाची फोडणी घातलेलं पिठलं याच्या तोडीचं काही मी नंतर कुठे खाल्लं नाही. पिठलं झालं की तेल. आईचं ठाम मत होतं की एसीत खोबरेल थिजतं आणि थिजलेलं तेल डोक्याला लागत नाही. त्यामुळे आमचा हा कार्यक्रम घराचं दार सताड उघडं टाकून, अगदी उंबऱ्यापाशी चालायचा. आई खुर्चीवर, मी तिच्यापुढे लाकडी स्टुलावर, आणि कॉरिडॉरमधून येणाराजाणारा प्रत्येक माणूस त्या सोहळ्याला हजर. आईचा हात जड होता आणि तोंड त्याहून जड. पहिला पेड पडला की दुसऱ्याला ती ठरलेलं वाक्य म्हणायची, "हलू नकोस गं म्हशे, भांग वाकडा जातोय!" मी हललेली असो वा नसो. ते वाक्य मजल्यावरच्या सगळ्यांना पाठ होतं. मलबारी, पाकिस्तानी, सुदानी, कुणालाही विचारा.

त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला काही फिलिपिनो पुरुष एका फ्लॅटमध्ये दाटीवाटीनं राहायचे. त्यांच्यातले रोमी अंकल आमच्या बिल्डिंगच्या खालच्या जेन्ट्स सलूनमध्ये केस कापायचे. बुटके, गोल चेहऱ्याचे, शर्टाला कडक इस्त्री आणि ओठांवर सतत कुठलं तरी गाणं. गणपतीत आमच्याकडे आरतीची कॅसेट लागायची तेव्हा त्यांच्याकडे ख्रिसमसची गाणी सुरू झालेली असायची, कारण त्यांच्यात म्हणे सप्टेंबर उजाडला की ख्रिसमस लागतो. बाबा म्हणायचे, "आपण दिवाळीला चार दिवस देतो, यांनी नाताळाला चार महिने दिलेत. माणसं हौशी आहेत." एवढीच आमची ओळख. शुक्रवारी जुम्याच्या नमाजापर्यंत सलून बंद, त्यामुळे ते सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर निघालेले असायचे, आणि आमच्या दारावरून जाताना त्यांची पावलं हळू व्हायची. एकदा ती थांबलीच. ओल्या कपड्यांची बादली हातात तशीच धरून ते आईच्या बोटांकडे बघत उभे राहिले.

"गुड मॉर्निंग, मॅडम. यू टीच मी?"

"व्हॉट टीच?" आईनं विचारलं.

त्यांनी बादलीसकट हात वर करून माझ्या डोक्याकडे दाखवलं. आईनं मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. "अहो, ऐकलंत का? तो कोपऱ्यातला माणूस माझ्या पोरीच्या डोक्याकडे बघत होता!"

बाबांनी पेपर खाली केला नाही. "न्हावी आहे तो. डोक्याकडे नाही बघणार तर काय पायांकडे बघेल?"

तरी आईच्या समाधानासाठी बाबांना संध्याकाळी चौकशीला जावं लागलं. आता सलूनमध्ये चौकशी करायची तर खुर्चीत बसावं लागतं, आणि खुर्चीत बसलं की केस कापावे लागतात. नुकतेच कापलेले केस पुन्हा कापून बाबा जवळजवळ गोटा करून परतले, पण बातमी पक्की घेऊन. रोमी अंकलच्या आरशाच्या कोपऱ्यात एका मुलीचा फोटो चिकटवलेला होता, मायूमी तिचं नाव. ती झोळीत होती तेव्हा हा माणूस कतारला आला. अधूनमधून जायला मिळालं तेव्हा पोरीनं त्याला बघून भोकाड पसरलं. आता ती शाळेत जायला लागली होती आणि तिचे केस लांबसडक झाले होते. बायको नेनी नर्स होती आणि इथल्या एका दवाखान्यात तिच्या नोकरीचं जुळत आलं होतं. ती आली की पोरगीही येणार. नेनीची ड्यूटी पहाटेची, म्हणजे शाळेची वेणी बापानं घालायची. आणि रोमी अंकलनी जन्मभर फक्त पुरुषांचे केस कापले होते, वेणीला हातही लावला नव्हता.

"तो म्हणाला," बाबा टाळूवरून हात फिरवत म्हणाले, "मुलगी मला ओळखत नाही. पहिल्याच दिवशी मी तिचे केस ओढले आणि तिला दुखलं, तर ती पुन्हा माझ्याजवळ बसायची नाही."

पुढच्या शुक्रवारी आईनं दार उघडलं, आणि स्टुलाशेजारी आणखी एक खुर्ची मांडलेली होती.

शिकवणी सोपी नव्हती. तिला शिकवायची सवय नव्हती आणि त्यांच्या बोटांना वेणीची सवय नव्हती. केसांची बट डाव्या हाताच्या दोन बोटांत आली रे आली की त्यांचा उजवा हात आपोआप कचकच करायला लागायचा. कात्री हातात नसायची, तरी मी किंचाळायचे. शेवटी आईनं नियम केला की धडा सुरू व्हायच्या आधी खिसे उलटे करून दाखवायचे. "कात्री?" ती विचारायची. "नो कात्री, आते," ते दोन्ही खिसे बाहेर काढून सांगायचे. त्यांच्यात थोरल्या बहिणीला आते म्हणतात, आणि तिसऱ्याचौथ्या धड्यापासून त्यांनी आईला तीच हाक लावली. आई त्यांना नुसतं रोमी म्हणायची आणि सख्ख्या धाकट्या भावावर ओरडावं तसं ओरडायची. "रोमी, धिस इज केस, नॉट दोरखंड!" "रोमी, पेड सारखे घे, एक मोठा एक छोटा काय?" भाषा कुठली चालली आहे याचं भान दोघांनाही नसायचं, आणि मधल्या मध्ये माझं डोकं एकदा मनिलाकडे आणि एकदा सिन्नरकडे ओढलं जायचं.

एकदा त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "आते, दुसऱ्या पेडाला तुम्ही काहीतरी म्हणता. ते काय आहे?" आई लाजली. पोटच्या पोरीला म्हैस म्हणते हे इंग्रजीत कसं सांगणार? तेवढ्यात पेपरामागून बाबांचा आवाज आला, "ते म्हणावंच लागतं, रोमी. त्याशिवाय वेणी बसत नाही."

बाबांची ही थट्टा रोमी अंकलनी शिरोधार्य मानली. ते वाक्य त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. 'भांग' आणि 'वाकडा' ओठांत बसेपर्यंत आठवडे गेले. मग ते माझ्या मागे बसून पहिला पेड टाकायचे, श्वास घ्यायचे आणि देवळातल्या पुजाऱ्याच्या चालीवर सावकाश म्हणायचे, "हलू नकोस गं म्हशे, भांग वाकडा जातोय." मी पुतळ्यासारखी बसलेली असायचे तरी. आई दर वेळी ठरवायची की पुढच्या शुक्रवारी याला खरं सांगून टाकू. पण तो पुढचा शुक्रवार काही उजाडला नाही.

खाली सलूनमध्येही सराव चालायचा. खुर्चीच्या पाठीला त्यांनी नायलॉनची दोरी बांधून ठेवली होती आणि गिऱ्हाईक नसलं की तिची वेणी घालत बसायचे. एकदा साताऱ्याचा एक ट्रक ड्रायव्हर बाजूच्या खुर्चीत दाढीचा फेस लावून बसला होता. शेजारचा फिलिपिनो न्हावी एका दोरीला शुद्ध मराठीत म्हशे म्हणून दटावतोय हे कानी पडल्यावर तो फेसासकट खुर्चीतून उठला. तो नंतर आमच्याकडे जेवायला येऊन गेला, तेव्हा हसून हसून त्याला भात गिळता येईना.

हे सगळं फुकट चाललं नव्हतं, म्हणजे रोमी अंकलना ते फुकट घेववत नव्हतं. ते चिकट तांदळाचा, नारळाच्या दुधातला आणि गुळासारख्या साखरेतला एक पदार्थ करून आणायचे. त्याला ते बिको म्हणायचे. आईनं आधी तीनतीनदा विचारलं, "नो अंडं? नो मासा?" मग एक घास घेतला आणि निकाल दिला, "नारळीभातच आहे. फक्त वेलदोडा विसरलाय." त्यानंतर ती वेलदोड्याची पूड कागदाच्या पुडीत बांधून त्यांना द्यायला लागली. आमच्याकडून पुरणपोळी जायची. तिच्यावर ते कंडेन्स्ड मिल्क ओतून खायचे, हे आईला आम्ही कधी कळू दिलं नाही.

आणि कॅसेट. तेव्हा परदेशातल्या सगळ्याच माणसांची ती रीत होती. टेपरेकॉर्डरपुढे बसून घरच्यांसाठी बोलायचं आणि कुणी गावी निघालं की त्याच्या हाती कॅसेट पाठवायची. त्यांच्या फ्लॅटमध्ये कुणी ना कुणी गात असायचं, म्हणून वेणी झाली की रोमी अंकल आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसून मायूमीसाठी कॅसेट भरायचे. पुढे पुढे वेणी घालतानाच टेप चालू ठेवायला लागले, म्हणजे पोरीला कळावं की बाप शिकतोय. त्यामुळे त्या कॅसेटमध्ये त्यांच्या गोष्टींच्या जोडीला आमच्या कुकरच्या शिट्ट्या, बाबांचं खोकणं आणि माझं केकाटणं असं सगळं तिकडे जायचं. मला तेव्हा ते बघून हसू यायचं. माणूस लोखंडाच्या एका पेटीशी इतकं लाडानं बोलतो म्हणजे काय! आता माझी मुलगी टोरांटोत आहे आणि मी रोज संध्याकाळी एका काचेशी त्याहून लाडानं बोलते.

नेनीचं काम झालं. ज्या दिवशी त्या दोघी येणार होत्या त्या दिवशी रोमी अंकल सकाळपासून तीनदा दाढी करून मोकळे झाले. सूकच्या बाजारातून आणलेल्या लाल साटिनच्या रिबिनी त्यांनी इस्त्री करून घेतल्या. तोवर त्यांना तिपेडी वेणी चांगली यायला लागली होती, सागरवेणीही जवळजवळ जमली होती. आईनं परीक्षा घेऊन पास केलं होतं आणि पास करताना हात आखडता घेतला नव्हता. बाबांच्या गाडीतून आम्ही सगळे विमानतळावर गेलो, ऐन दुपारच्या उन्हात. दार उघडलं, नेनी आन्टी बाहेर आल्या, दोन्ही हातांत सामान, आणि त्यांच्या स्कर्टला धरून एक मूल चालत होतं. मला वाटलं, मुलगा पण आहे वाटतं यांना.

ती मायूमी होती. तिचे केस कानाच्या वर कापलेले होते, अगदी बॉयकट. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या आजीनं तिला अंगणात बसवून कात्री चालवली होती. वाळवंटात पाणी नसतं, पोर एवढे केस धुणार कशी, हा आजीचा बिनतोड मुद्दा. तो खोडून काढायला तिथे कुणी नव्हतं. रोमी अंकलच्या मुठीत त्या रिबिनी होत्या. त्यांनी मूठ उघडली नाही, तशीच खिशात घातली, आणि हसून दोन्ही हात पुढे केले. मायूमी आईच्या मागे गेली. ते एका बाजूनं गेले तशी ती दुसऱ्या बाजूला. विमानतळावर तो पकडापकडीचा खेळ वाटला असता, फक्त पोरगी हसत नव्हती.

पुढचे दिवस वाईट गेले. त्यांनी सलूनच्या मागे एक खोली भाड्यानं घेतली होती. मायूमी वडिलांना 'सर' म्हणायची. झोपायच्या आधी ती उशाशी टेपरेकॉर्डर ठेवून जुनी कॅसेट लावायची आणि कॅसेटला पापा म्हणायची, असं नेनी आन्टी आईला सांगून गेल्या. सांगताना त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. बाप दोन हातांवर बसलेला, आणि पोर यंत्राला गुड नाइट म्हणते! रोमी अंकलची गाणी बंद झाली. जिन्यात भेटले की माझ्या वेण्यांकडे बघून ते मान हलवायचे आणि पुढे जायचे. मला त्यांची इतकी दया आली की मी एकदा आईला म्हणाले, "आई, माझे केस कापून तिला चिकटवता नाही येणार का?" आई म्हणाली, "गप्प बस." पण तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात त्या दिवशी जड नव्हता.

शुक्रवारी तिनं मला त्यांच्याकडे पिटाळलं. रोमी अंकलनी निरोप दिला, आते को शुक्रन बोलो, खलास, आता वेणीचं काय काम? मी तो निरोप घेऊन वर आले तशी आई स्वतः जिना उतरून खाली गेली. दार वाजवून तिनं कमरेवर हात ठेवले. "रोमी, तुझ्या पोरीचे केस गेले, माझ्या पोरीचे आहेत ना अजून? तिनं काय पाप केलंय? यल्ला, चल वर. नेनी, तू भी आओ. छोटी को लाओ."

म्हणून सगळे आले. मायूमी नेनी आन्टींच्या मागे, भिंतीला टेकून. आत कुकर चढवलेला होता. मी स्टुलावर बसले, रोमी अंकल मागच्या खुर्चीवर, आणि या वेळी खिसे दाखवायचं कुणालाच सुचलं नाही. त्यांनी भांग पाडला. हात थंड होते. बाबांनीसुद्धा पेपर खाली ठेवला होता. पहिला पेड पडला. कुकरची शिट्टी झाली तशी मायूमीनं मान वर केली, जणू ओळखीच्या कुणी तरी हाक मारली. मग दुसऱ्या पेडाला, केवळ सवयीनं, अगदी हलक्या आवाजात रोमी अंकल म्हणाले,

"हलू नकोस गं म्हशे..."

आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या पोरीनं, जिला आमच्या भाषेतला एक शब्द यायचं कारण नव्हतं, खणखणीत आवाजात वाक्य पुरं केलं, "भांग वाकडा जातोय!"

माझ्या केसांवरचे हात थांबले. मायूमी पुढे आली. तिनं बापाच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, टेपरेकॉर्डरमधला माणूस बाहेर कसा आला ते तपासावं तसं. मग तिनं मला दोन्ही हातांनी स्टुलावरून ढकललं. चांगलं जोरात ढकललं. माझी एक वेणी अर्धी, एक बाजू मोकळी, आणि मी फरशीवर. स्टुलावर ती बसली, त्यांच्याकडे पाठ करून, मान ताठ, माझ्यासारखीच. "पापा," ती म्हणाली, आणि वाट बघत बसली.

वेणी घालायला तिथे काहीच नव्हतं. रोमी अंकलनी खूप शोधून टाळूवरची एक बट चिमटीत धरली, खिशातून ती लाल रिबीन काढली आणि तेवढ्याशा केसांना बांधली. कोंबडीच्या तुऱ्यासारखं काहीतरी दिसत होतं. ते वाक्य त्यांना म्हणायचं होतं, पण ते नुसती रिबिनीची गाठ पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले. शेवटी ते आईनं म्हटलं. आणि म्हणता म्हणता तिनं तेलकट हातानंच डोळे पुसले, त्यामुळे ते चुरचुरायला लागले आणि तिला रडायला तेवढंच कारण मिळालं. मी फरशीवरून हे सगळं बघत होते. कोपर दुखत होतं, आणि मला इतका आनंद झाला होता की रडायचं राहूनच गेलं.

नंतर नेनी आन्टींनी उलगडा केला. ते कॅसेटमधलं वाक्य काय आहे हे मायूमीनं आजीला विचारलं होतं. दर वेळी इतक्या भक्तिभावानं म्हटलं जातं म्हणजे ही कतारची प्रार्थनाच असणार, असं आजीनं ठरवलं. त्या गल्लीतली सगळी पोरं जेवायच्या आधी हात जोडून "हलू नकोस गं म्हशे" म्हणायला लागली होती. बाबा आठवडाभर अधूनमधून आपल्याशीच हसत होते.

मायूमीचे केस वाढले, तशी तिला आमची मयू व्हायलाही वेळ लागला नाही. शाळेला जाताना तिच्या वेण्या माझ्यापेक्षा नीट असायच्या, कारण तिच्या वेण्या शिकलेला माणूस घालायचा आणि माझ्या आई. रोमी अंकल कितीतरी वर्षं इथे राहिले, पोरीला शिकवलं, तिचं लग्न केलं, लग्नातली वेणीही त्यांनीच घातली. कायमचे गावी निघाले तेव्हा बाबांना राहवलं नाही. त्यांनी त्या वाक्याचा अर्थ सांगून टाकला. रोमी अंकल हसले. "सर, साताऱ्याच्या ड्रायव्हरनं मला तेव्हाच सांगितलं होतं. बट सर, वेणी बसते."

बाबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गेल्या सप्टेंबरात रोमी अंकल गेले, त्यांच्या गावी, स्वतःच्या घरात, ख्रिसमसची गाणी सुरू झालेली असताना. आपल्याकडे जसे दहा-तेरा दिवस, तशी त्यांच्याकडे नऊ दिवस प्रार्थना असते. मयूनं फोनवर व्हिडिओ लावून आम्हाला त्यात बसवून घेतलं. आई आता माझ्याकडेच असते. तिला कमी ऐकू येतं आणि त्याहून कमी ऐकायचं असतं. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघी बघत बसलो. खोलीत माणसं दाटलेली, सगळे एका सुरात काही पुटपुटत होते. कोपऱ्यात मयूचा नवरा, जन्म जहाजावर काढलेला आडदांड माणूस, आपल्या नातीला पुढ्यात घेऊन बसला होता. नात चुळबुळ करत होती. लग्नाच्या आधी सासऱ्यानं त्याच्याकडून वेणी घटवून घेतली होती, हे मला ऐकून माहीत होतं. पहिला पेड पडला. आणि त्या सगळ्या प्रार्थनेच्या मधूनच, सावकाश, देवळातल्या चालीवर, तो म्हणाला, "हलू नकोस गं म्हशे, भांग वाकडा जातोय."

खोलीतलं एकही माणूस हसलं नाही. त्यांच्या दृष्टीनं ते ठिकाणावरच होतं.

आई पुढे झुकली. तिनं चष्मा वर केला, फोन जवळ ओढला आणि त्या पोरीच्या डोक्याकडे बराच वेळ बघितलं.

"सरळ आलाय गं भांग," ती म्हणाली. "रोमीला सांग."

सांगते, म्हटलं.